हिवर कुठवर पुरतो

गिरडला माझा दवाखाना आहे म्हटलं की बाहेरगावचा माणूस हमखास विचारतो, “दर्ग्याजवळ का?” गिरडची ओळख तीच. टेकडीवर ख्वाजा शेख फरीद बाबांचा दर्गा, पायथ्याशी गाव, आणि टेकडीभर विखुरलेले गोलमटोल दगड. त्या दगडांची गोष्ट इंग्रजांच्या जुन्या गॅझेटियरमध्येही छापलेली आहे. दोन फिरत्या व्यापाऱ्यांनी बाबांची टवाळी केली, तेव्हा बाबांनी त्यांच्या नारळांसकट सगळ्या मालाचा दगड करून टाकला. मग ते पायाशी आले, माफी मागितली, तर वाळक्या पानांतून नवा माल करून दिला. व्यापारी पुढे इथेच राहिले, बाबांच्या सेवेत मेले. भूगर्भशास्त्रवाले ह्या दगडांना झिओलाइट म्हणतात. नवस फेडायला हिंदूही येतात, मुसलमानही येतात. जाताना एखादा दगड उचलून पिशवीत टाकतात. त्या व्यापाऱ्यांच्या मालात सुपारी असती आणि तेवढी एक कायमची दगड होऊन राहिली असती, तर माझं निम्मं काम कमी झालं असतं. असं का म्हणते ते पुढे येईलच.

माझं काम टेकडीच्या खालच्या अंगाला, शेतांच्या धुऱ्यांवर सुरू होतं. तिथे हिवर आहेत.

हिवर कुणी मुद्दाम लावत नाही. काळ्या जमिनीत, धुऱ्यावर, नाल्याच्या काठाला तो आपसूक येतो. बाभळीला लागून उभा असला तरी लांबून वेगळा कळतो. बाभळीचं खोड काळपट, भेगाळलेलं. हिवराचं पिवळट पांढरं ते राखाडी, आणि झाड तरुण असेल तर साल पातळ पापुद्र्यांनी सुटणारी. काटे जोडीजोडीने, सरळ. बाभळीला पिवळेधमक गोंडे येतात; हिवराला पाऊस सरता सरता फिकट रंगाच्या बारीक गोंड्यांचे मोठाले तुरे येतात, आणि तेव्हा झाडाखाली उभं राहिलं तर वर मधमाश्यांची घूं घूं चाललेली असते. पाला शेळ्या खातात, लाकूड अवजारांना चालतं, काट्या कुंपणाला जातात. हिवरा, हिवरी, हिवरखेड ह्या नावांची गावं विदर्भात जागोजाग आहेत. मात्र त्या गावांतल्या शाळकरी पोरांना हिवर दाखवा म्हटलं तर निम्मी पोरं बाभळीकडे बोट करतात. त्यांचा दोष नाही, त्यांना कुणी दाखवलाच नाही.

मलाही कुठे दाखवला होता! नागपूरला बीएएमएस करताना द्रव्यगुणाच्या वहीत ‘इरिमेद’ लिहिलं, पाठ केलं, परीक्षेत उतरवलं. कषाय रस, मुखरोगांत उपयोगी, दुसरं नाव विट्खदिर म्हणजे घाणेऱ्या वासाचा खैर. झाड मात्र लग्न होऊन गिरडला आल्यावर पाहिलं. सासऱ्यांनी धुऱ्यावर नेऊन दाखवलं. त्यांच्या आईच्या हिरड्या सुजल्या की ती ह्याच सालीचा काढा करून गुळण्या करायची, एवढंच त्यांना आठवत होतं. इरिमेद हे नाव त्यांनी माझ्याकडून पहिल्यांदा ऐकलं, आणि हिवर म्हणजे इरिमेद हे मी त्या धुऱ्यावर ताडलं.

सगळ्यांना हे मान्य आहे असं नाही. काही ग्रंथांच्या भाषांतरांत इरिमेद म्हणजे देवबाभूळ असं छापलेलं असतं. मला ते पटत नाही. देवबाभूळ मूळची अमेरिकेकडची. ती सुश्रुताच्या काळात आपल्या रानात उभी होती असं मानायचं तर बराच खटाटोप करावा लागेल. आयुर्वेदिक फार्माकोपियानेही इरिमेद म्हणून हिवराचीच साल धरली आहे. वनस्पतिशास्त्रात त्याचं नाव आता बदललं. 2005 साली व्हिएन्नाच्या परिषदेत ‘अकेशिया’ हे कुलनाम ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेलं, तेव्हापासून हिवर आणि बाभूळ ‘वाचेलिया’ झाले आणि खैर ‘सेनेगालिया’. आमच्या पुस्तकांत अजून जुनीच नावं चालू आहेत, आणि काढा तेवढाच तुरट आहे.

सालीत टॅनिन भरपूर असतं. टॅनिन प्रथिनांना धरून घट्ट करतं. कातडं कमावताना हेच होतं, आणि सुजून मऊ पडलेल्या हिरडीवर थोड्या प्रमाणात हेच व्हायला हवं असतं: ऊती आकसते, झिरपणारं रक्त थांबतं. सालीचा आणखी एक उपयोग वनस्पतींच्या जुन्या पुस्तकांत आवर्जून दिलेला असतो. उसाची आणि ताडाची दारू गाळताना गाळ खाली बसवायला ती वापरत. इंग्रजीत तर ह्या झाडाला दारू गाळणाऱ्यांचंच नाव आहे. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे ही माहिती मी दवाखान्यात सांगत नाही.

सुश्रुताने तोंडाचे 65 रोग मोजले आहेत. ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, घसा आणि अख्खं तोंड अशी सात ठिकाणं. हिरड्यांपैकी शीताद, दंतवेष्ट, उपकुश ही नावं वाचली की माझ्या बाकावर बसलेल्या बायाच डोळ्यांपुढे येतात. कारण नसताना रक्त येतं, हिरडी काळपट, ओलसर, मऊ होते, दुर्गंधी येते, हळूहळू दात सोडते. दोन हजार वर्षांपूर्वीचं हे वर्णन वाचून दंतवैद्यही मान डोलावतील. दंतशर्करेबद्दल सुश्रुताने जे सांगितलं ते तर मी रोज सांगते: हिरडीला इजा न करता दातावरचं कीटण आधी खरवडून काढा, मग बाकीचे उपचार. म्हणजे तेलाची बाटली नंतर, कीटण आधी. बाटली घ्यायला आलेल्या माणसाला मी प्रथम दंतवैद्याकडे पाठवते, तेव्हा तो नाराज होतो. “दात हालन ना जी डॉक्टरबाई, मशिन लावली तं.” दात मशिनीने हलत नाही. कीटणाने धरून ठेवलेला आधीच हललेला दात कीटण निघाल्यावर लक्षात येतो. हे समजावताना अर्धा तास जातो आणि फी तेवढीच.

तेल आम्ही घरीच करतो. इरिमेदादि तैल शार्ङ्गधर संहितेत आहे, तेच. इरिमेदाची कुटलेली साल शंभर पल, म्हणजे आजच्या मापाने चार किलो आठशे ग्रॅमच्या आसपास. एक द्रोण पाणी. पाण्याचा चौथा हिस्सा उरेपर्यंत उकळायचं. मग त्या काढ्यात अर्धा आढक तिळाचं तेल आणि मंजिष्ठा, लोध्र, ज्येष्ठमध, लाख, नागरमोथा, दालचिनी, जायफळ, कंकोळ, वेलची, लवंग, धायटीची फुलं, पतंग, खैर, गेरू वगैरे द्रव्यांचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. यादी लांब आहे. धायटी इथल्या रानात मिळते, बाकीचं बहुतेक सामान नागपूरच्या इतवारीतून आणावं लागतं. लोध्र म्हणून भलतीच साल गळ्यात मारणारे दुकानदार आहेत, म्हणून ती मी पावडर घेत नाही, साल घेते आणि मोडून पाहते. तेल घाणीचं. घाणीचं म्हटलं की वर्ध्याची आठवण निघतेच. 1934 साली मगनवाडीत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, तिथे झवेरभाई पटेलांनी बैलघाणी सुधारून दाखवली आणि ती ‘वर्धा घाणी’ म्हणून देशभर गेली. आज आमच्या भागात तीळ पेरणारेच थोडे उरले, घाणी कुठून राहणार? तेल बाहेरून आणते, पण तीळ आणि गाळप दोन्ही पाहून.

साल कधी काढायची तेही ठरलेलं आहे. चरकाने साल, कंद आणि चीक शरद ऋतूत घ्यायला सांगितलं. इथे तेव्हा सोयाबीन निघालेलं असतं, हरभऱ्यासाठी वखर फिरत असतो आणि शेताला सावली करणाऱ्या धुऱ्यावरच्या फांद्या शेतकरी छाटत असतात. मनगटाएवढ्या जाड फांदीला उभा छेद दिला आणि कोयत्याच्या पाठीने ठोकलं की ओली साल सलग सुटते. आतली बाजू आधी फिकट असते, घटकाभरात हवेने तांबूस होते. हाताला वास लागतो तो संध्याकाळपर्यंत जात नाही. विट्खदिर हे नाव ठेवणाऱ्याने हीच साल सोलली असावी.

काढ्याला लोखंडी कढई चालत नाही. टॅनिन लोखंडाला लागलं की काढा शाईसारखा काळा होतो. जुन्या काळी शाई अशीच करत. म्हणून कल्हईचं पितळी पातेलं, ते नसेल तर स्टीलचं. ढवळायला लाकडी उलथनं. साल भरड कुटून रात्रभर भिजवायची, सकाळी चूल पेटवायची. चौथा हिस्सा उरता उरता दिवस जातो. तेलाचा पाक दुसऱ्या दिवशी, मंद आचेवर, आणि तिथून पातेलं सोडून उठायचं नाही. पाणी असेपर्यंत तेल तडतडतं, कल्क तळाशी चिकटायला बघतो. झाल्याची खूण तीन ठिकाणी पाहायची. कल्क चिमटीत घेऊन वळला की त्याची वात व्हायला हवी, बोटांना चिकटायला नको. ती वात विस्तवावर धरली तर चर्र असा आवाज यायला नको. आणि तेलावर फेस यायला हवा. तूप शिजताना फेस बसला म्हणजे तूप झालं, तेलाचं उलट, फेस उठला म्हणजे तेल झालं. नव्या मुली मदतीला येतात त्या हे हमखास उलटं करतात, फेस बसायची वाट बघत राहतात आणि कल्क करपतो. तेल उतरवून निवल्यावर कापूर. गरम तेलात टाकला तर उडून जातो आणि घरभर वास, बाटलीत काही नाही.

वापरायचं कसं हे सांगण्यात माझी निम्मी वाचा जाते. गंडूष म्हणजे तोंडात भरून तसंच धरून ठेवायचं, हलवायचं नाही. कवल म्हणजे तोंडात फिरवायचं. ह्या तेलाचा मी साधारण चमचाभर, कोमट, सकाळी दात घासल्यावर गंडूष सांगते. डोळ्यांतून-नाकातून पाणी यायला लागलं की थुंकायचं. गिळायचं नाही, आणि मोरीत थुंकायचं नाही, मोरी तुंबते. शहरात अलीकडे ‘ऑइल पुलिंग’ नावाने खोबरेल तोंडात घोळवायची टूम निघाली आहे. नातेवाईक फोन करून विचारतात, तुमच्यात पण असतं का हे? असतं, चरकाच्या पाचव्या अध्यायापासून असतं. पण त्याने कावीळ जाते, गुडघे बरे होतात, असं चरक म्हणत नाही.

गुण कुठे येतो ते सांगते. मशेरी लावणाऱ्या बाया माझ्याकडे जास्त. निंदणाला, वेचणीला जाणाऱ्या. मशेरीची सवय दातदुखीपासून लागते: दाढ ठणकते, कुणीतरी चिमूटभर जाळलेली तंबाखू लावायला सांगतं, ठणका बधिर होतो, मग ती रोजची होते. नवऱ्यासमोर कबूल करत नाहीत, म्हणून मी नवऱ्याला बाहेर बसवते. “मशेरी नाई लावत जी मी,” म्हणतानाच दातांच्या मुळाशी काळी रेघ दिसत असते. अशा बाईचं कीटण निघालं, मशेरी सुटली किंवा निदान अर्ध्यावर आली, आणि हे तेल तिने महिनाभर धरलं, तर हिरडीतलं रक्त बंद होतं, दुर्गंधी कमी होते, भाकर चावताना कुरकुर राहत नाही. हे मी स्वतःच्या हाताखाली पाहते. ह्यातलं किती श्रेय तेलाचं, किती कीटण काढणाऱ्या दंतवैद्याचं आणि किती सुटलेल्या मशेरीचं, ह्याचा हिशेब मी मांडत बसत नाही. तिघांनी मिळून काम होतं. फक्त तेल घेऊन गेलेल्या बाईची हिरडी चार महिन्यांनी पुन्हा तशीच असते.

तोंड येणं, म्हणजे साधे फोड, गालाला दात लागून झालेली जखम, दाढ काढल्यानंतर भरत आलेली जागा, इथेही तेल किंवा नुसता सालीचा काढा चांगला. काढ्याला पैसा लागत नाही. ज्या घराच्या धुऱ्यावर हिवर आहे त्यांना मी तेल विकत नाही, काढा करायला सांगते. हिंगणघाटचे एक सहकारी मला म्हणतात, असा धंदा होत नसतो. खरं आहे त्यांचं.

आता सुपारीवर येते.

विदर्भातल्या पानठेल्यावर खर्रा मिळतो. कातरलेली सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीत घालून फळीवर खसाखसा घोटलेला. 2012 साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, पण खर्रा पुडीत बंद होऊन कारखान्यातून येत नाही, तुमच्यासमोर घोटून हातात मिळतो. बांधकामावरचे, ट्रॅक्टरवाले, कॉलेजची पोरं, शाळेतलीसुद्धा तो खातात. गिरडच्या भोवती जंगल आहे, रात्री रानडुकरं पिकात उतरतात, म्हणून पोरं जागलीला मचाणावर बसतात. झोप येऊ नये म्हणून गालात खर्रा.

पंचविशीतला एक पोरगा आला तो तिखट लागतं म्हणून. वरणातला मिरचीचा तुकडा जीव घेतो म्हणाला. मी त्याला त्याचीच मधली तीन बोटं एकावर एक धरून उभी तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली, तीही ओठ ताणून. निरोगी माणसाचं तोंड साधारण साडेतीन ते पाच सेंटिमीटर उघडतं. गाल बॅटरीच्या उजेडात पांढुरका, चकाकी गेलेला. आतून बोट फिरवलं तर उभे ताठ पट्टे हाताला लागले. जीभ पुढे काढ म्हटलं तर ओठांपर्यंतच आली. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. भाकर मोडून खायची सवय झाली होती, म्हणून तोंड उघडत नाही हे कधी ध्यानातच आलं नाही.

“तुमच्याजोळचं हिवराचं तेल द्या ना जी, डॉक्टरबाई. माह्या मायले गुण आला.”

त्याला मी तेल दिलं नाही.

हा आजार सुपारीचा आहे. 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या पाच भारतीय बायकांच्या तोंडात तो पाहिला आणि 1953 साली जोशी यांनी आपल्याकडच्या रुग्णांवर लिहिलं. तेव्हापासून त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या अरेकोलिनमुळे गालाच्या अस्तराखाली कोलॅजेनचे तंतू साचत जातात आणि मोडत नाहीत. तोंड आखडतं. खर्रा सोडल्यावर वाढ थांबू शकते, पण झालेले पट्टे विरघळत नाहीत. आणि मुख्य भीती पुढचीच. केरळातल्या एर्नाकुलम भागात अशा 66 रुग्णांवर 17 वर्षं लक्ष ठेवलं होतं, त्यांतल्या पाच जणांना तोंडाचा कॅन्सर झाला. 1985 साली हे प्रसिद्ध झालं. 2004 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कॅन्सरकारक ठरवली. हिवराची साल हिरडी आकसवते. जे तोंड आधीच आखडलेलं आहे त्याला आणखी तुरट कशाला?

पण तेल न देण्याचं माझं कारण साल तुरट आहे एवढंच नाही. बाटली हातात दिली की माणूस उपचार सुरू झाला असं समजतो. महिना धरतो, दोन महिने धरतो, वर खर्राही चालू ठेवतो, कारण औषध चालू आहे. तेवढ्यात गालावरच्या पांढऱ्या चट्ट्याची जखम होते. माझ्या बाटलीने कुणाचं वाईट केलं नाही असं म्हणता येईल, पण तिने वेळ खाल्ला असता, आणि ह्या आजारात वेळच हातात असतो. म्हणून असा रुग्ण आला की मी कागदावर काय दिसलं ते लिहिते आणि सेवाग्रामच्या रुग्णालयात किंवा सावंगीच्या दंत महाविद्यालयात पाठवते. तिथे तुकडा काढून तपासतात. गावात समज असा की तुकडा काढला की कॅन्सर पसरतो. तो खोडताना पुन्हा अर्धा तास. “तुकडा काढल्याने पसरत नाही रे बाबा, तुकडा न काढल्याने कळत नाही.” तो पोरगा गेला सेवाग्रामला, बापाला घेऊन. खर्रा सुटला का? महिन्यातून एकदा मी त्याला पानठेल्यावर बघते आणि तो मला बघून दुसरीकडे बघतो. व्यसन सुटायला बरेच फेरे लागतात, मी अजून विचारत राहते.

आयुर्वेदाचा अभिमान असलेले काही लोक माझ्यावर रागावतात. शास्त्रात मुखरोगांवर एवढी औषधं असताना रुग्ण बाहेर कशाला पाठवता? मी म्हणते, शास्त्रात असाध्य रोगही सांगितले आहेत, कुठे हात लावू नये तेही सांगितलं आहे. तो भाग आपण वाचायचा नाही का? चरकाने खदिराला कुष्ठावरचं सगळ्यांत श्रेष्ठ औषध म्हटलं, आणि त्याच खदिराचा कात आज गुटख्यात सुपारीबरोबर मिसळला जातो. झाड वाईट नाही. कुणाबरोबर, कशासाठी आणि कुठवर, एवढंच बघायचं. हिवर हिरडीपर्यंत पुरतो, जखमेपर्यंत पुरतो. गालाच्या आतल्या पट्ट्यांपर्यंत पुरत नाही.

आणि झाडालाही मर्यादा आहेत. खैर 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहे, तोडायचा तर परवानगी लागते. हिवराला कुणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मुळ्या-साली गोळा करणारे टेम्पो घेऊन फिरायला लागले. शेतकऱ्याला किलोमागे किरकोळ रक्कम, आणि साल काढणारे खोडाला गोल फिरून छातीपर्यंत सोलून नेतात. पानांनी केलेलं अन्न सालीतूनच मुळांपर्यंत उतरतं. खोडाभोवतीची साल पूर्ण गेली की मुळं उपाशी राहतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. आमच्या शेजारच्या धुऱ्यावर तीन असे उभे आहेत. शेतकऱ्याला वाटलं साल पुन्हा येईल.

खोडाचीच साल हवी असा आग्रह धरणाऱ्या वैद्यांशी माझं जमत नाही. छाटलेल्या फांदीची साल ताजी असते, ती नाहीतर काट्यांबरोबर कुंपणात जाऊन वाळते. मला तेवढी पुरते. शेतकरी फांदी टाकतो, मी साल घेते, काट्या त्याच्या कुंपणाला, लाकूड चुलीला. गेल्या काही वर्षांत मला खोडाला कोयता लावायची वेळ आली नाही.

तर गिरड, समुद्रपूर, उमरेड, चिमूर, कुठेही तुमच्या धुऱ्यावर हिवर असेल तर त्याच्या खोडाला हात लावू देऊ नका, फांद्या मागणाऱ्याला द्या. नवा लावायचा असेल तर शेंगा वाळल्यावर बी काढून ठेवा. कवच टणक असतं, म्हणून उकळून थोड्या निवलेल्या पाण्यात रात्रभर भिजवा आणि मृगाच्या सुमाराला धुऱ्यावर टाका. पहिली दोन-तीन वर्षं शेळ्यांपासून जपा, पुढे तो आपलं बघून घेतो. हिरड्यांतून रक्त येत असेल तर आधी कीटण काढून घ्या, मग सालीचा काढा घरीच करा, लोखंडी भांड्यात नको. आणि खर्रा खाणाऱ्या प्रत्येकाने आज रात्री आरशासमोर उभं राहून आपली तीन बोटं तोंडात घालून बघावीत. जात नसतील, किंवा गालात पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर माझ्याकडे तेलाला येऊ नका. सरळ सेवाग्राम किंवा सावंगी गाठा.